गाडीत एकटं सापडलेलं मूल : बापाला फोन करून परत पाठवायला हवं होतं का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. जे झालं ते आधी माझ्या शब्दांत मांडते, काही चुकत असेल तर सांगा. तुम्ही संभाजीनगरहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला येत होतात, दाराजवळ अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा एकटाच बसलेला दिसला. परभणीला चढलो म्हणाला, दादरला मामा आहे म्हणाला, मामाचा पत्ता विचारला तर गप्प. चहा-बिस्कीट दिल्यावर हळूहळू बोलायला लागला, बाप रोज मारतो, आता परत जाणार नाही म्हणाला, आणि बोलता बोलता बापाचा मोबाईल नंबरही सांगून गेला. तुम्ही रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनला फोन लावला, कल्याणला आरपीएफवाल्यांनी (रेल्वे सुरक्षा दल) त्याला उतरवून घेतलं आणि उतरताना तो तुमच्याकडे बघून "काका, तुम्ही पण?" म्हणाला. आता घरचे म्हणतायत की नंबर होता तर बापाला फोन करून पुढच्या गाडीत बसवून द्यायचं, पोलिसांच्या भानगडीत कशाला पडलास. मित्र म्हणतोय पोरगं रिमांड होममध्ये सडणार. आणि कोणी ओळखीचं निघेल म्हणून तुम्ही त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय.

तुम्ही फोन केलात ते बरोबर केलं. बापाला केला नाहीत तेही बरोबर. फोटोचं मात्र आजच निस्तरायला हवं, त्यावर शेवटी येते.

मी बरीच वर्षं मध्य रेल्वेच्या स्टेशनांवर एकट्या आलेल्या मुलांसोबत काम केलं, नंतर एका जिल्ह्याच्या बालकल्याण समितीवर सदस्य होते. म्हणजे मूल प्लॅटफॉर्मवर उतरतं ती बाजू पण पाहिलीये आणि टेबलाच्या पलीकडे बसून "याला कुठे पाठवायचं" असा आदेश लिहायची बाजू पण. त्या अनुभवावरून बोलतेय, तुमच्या मुलाची केस मला माहीत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल ठाम काही सांगणार नाही.

तुमच्या घरच्यांचा हेतू चांगलाच आहे, पण ते या मुलाकडे हरवलेल्या वस्तूसारखं बघतायत, की सापडली, मालकाचा नंबर आहे, परत देऊन टाका. हा मुलगा हरवलेला नाहीये. त्याला स्वतःचं गाव माहितीये, बापाचा नंबर पाठ आहे, परतीची गाडी कुठली हेही त्याला विचारलं तर सांगेल. तो निघालाय. घरात राहण्यापेक्षा अनोळखी शहरात एकटं जाणं जास्त सुरक्षित आहे असा हिशोब त्याने त्याच्या वयाच्या अकलेने केलाय. तो हिशोब बरोबर आहे की चूक हे त्या डब्यात बसून तुम्हाला कळणं शक्य नव्हतं, मलाही कळलं नसतं. म्हणून तर ते ठरवण्यासाठी वेगळी माणसं, वेगळी जागा आणि थोडे दिवस लागतात. तुम्ही मुलाला त्या जागेपर्यंत पोचवलंत, तुमचं काम तेवढंच होतं.

आता हे खरंय की एकटी निघालेली सगळी मुलं जिवाच्या भीतीने निघालेली नसतात. परीक्षेत नापास झाला, दुकानात पाठवलं आणि पाचशेची नोट हरवली, मोबाईल काढून घेतला, मोठ्या भावाने चारचौघात थोबाडीत मारली, एवढ्यावर सुद्धा पोरं गाडीत बसतात, आणि मनमाड यायच्या आतच त्यांना आई आठवायला लागते. अशा मुलांचे आईवडील दुसऱ्या दिवशी धावत येतात, बाप मुलापेक्षा जास्त रडत असतो, आणि मूल घरी जातं ते योग्यच असतं. माझ्या अनुभवात बहुतेक मुलं शेवटी घरीच गेली. म्हणजे घरी पाठवणं वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये. चौकशी न करता, पहिल्या दोन तासांत, ज्याच्यापासून पळालं त्याच्याच हातात देणं वाईट.

आणि गोम अशी आहे की सुरुवातीला दोन्ही प्रकारची मुलं एकसारखीच दिसतात. दोघंही खोटं नाव सांगतात, दोघंही मामाकडे चाललोय म्हणतात (मामा नेहमी दादरला नाहीतर कल्याणला असतो), दोघंही गावाचं नाव न सांगता जवळच्या जंक्शनचं नाव सांगतात. नोट हरवलेला मुलगा बऱ्याचदा "बाप मारून टाकेल" असं मोठ्याने सांगतो, आणि ज्याला खरंच रोज पट्ट्याने मार बसतो तो म्हणतो "असंच आलो, मुंबई बघायला". ज्याच्यावर घरातल्याच कोणी लैंगिक अत्याचार केलेत तो तर पहिल्या दिवशी, पहिल्या आठवड्यात त्यातलं काहीच बोलत नाही. त्यामुळे पहिल्या गोष्टीवरून कुणीही निकाल देऊ नये, ना मुलाच्या बाजूने ना बापाच्या.

बापाला फोन केला असता तर काय झालं असतं याचा विचार करा. समजा तो खरंच मारणारा आहे. तो फोनवर अत्यंत गोड बोलला असता, "साहेब उपकार झाले, तुम्ही बसवून द्या, मी परभणीला उतरवून घेतो." तुम्ही बसवून दिलं असतं. मग एकतर पोरगं मधेच कुठेतरी उतरून दुसऱ्या गाडीत बसलं असतं, किंवा घरी पोचल्यावर पळाला म्हणून आणि परक्या माणसाला घरचं सांगितलं म्हणून असा दुप्पट मार बसला असता. पुढच्या वेळी तो नंबर सांगणार नाही, गावाचं नाव सांगणार नाही, कुठल्याच मोठ्या माणसाशी बोलणार नाही. अशी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आलेली मुलं आम्हाला लगेच ओळखू यायची, कारण ती आपल्याला पाहूनच चालायला लागतात. एकदा विश्वास ठेवून परत पाठवलं गेलेलं मूल पुन्हा बोलतं करायला महिने लागतात.

आणि काहीच न करता त्याला दादरला उतरू दिलं असतं तर? एकटं मूल मोठ्या स्टेशनवर उतरलं की त्याच्याकडे सगळ्यात आधी जाणारा माणूस क्वचितच समाजसेवक असतो. आधी येतात ते स्टेशनवरच राहणारे मोठे पोरगे, ते जेवायला देतात, झोपायची जागा दाखवतात, बाकीच्यांपासून वाचवतात सुद्धा, आणि त्याच बदल्यात भंगार गोळा करायला, पाण्याच्या बाटल्या विकायला, भीक मागायला लावतात, नशेसाठी सोल्युशन हुंगायला शिकवतात, आणि बऱ्याचदा अत्याचार पण तेच करतात. किंवा कोणीतरी "काम देतो, जेवून-राहून" म्हणणारा येतो, मग मूल एखाद्या हॉटेलात, जरीच्या किंवा बॅगच्या कारखान्यात माळ्यावर जातं आणि बाहेरच्या जगाला दिसेनासं होतं. म्हणून पहिले काही तास एवढे महत्त्वाचे. रेल्वेने जाहीर केलेला आकडाच बघा, आरपीएफच्या 'नन्हे फरिश्ते' मोहिमेत २०१८ पासून मे २०२४ पर्यंत ८४,११९ मुलं स्टेशनांवर आणि गाड्यांमध्ये सापडली, एकट्या २०१८ मध्ये १७,११२. यात चुकलेली, पळालेली, पळवून नेलेली सगळीच आली. आणि ही फक्त ज्यांच्याकडे कोणाचं तरी लक्ष गेलं ती.

आता "काका, तुम्ही पण?" याबद्दल. याने तुम्ही अस्वस्थ झालात ते समजू शकते. मुलाला वाटलं की पोलीस आले म्हणजे घरी पाठवणार, बस. पुढे कधी अशी वेळ आली, तुमच्यावर किंवा हे वाचणाऱ्या कोणावर, तर फोन करायच्या आधी किंवा केल्याकेल्या मुलाला खरं सांगा. "मी एका नंबरवर फोन करतोय, मुलांना मदत करणारी माणसं येतील, ती तुझं ऐकून घेतील, तू का आलास ते त्यांना सांग." त्याला "तुला घरी पाठवणार नाहीत" असं वचन देऊ नका कारण ते तुमच्या हातात नाही, आणि "चल तुला मामाकडे सोडतो" असं खोटं सांगून तर अजिबात उतरवू नका. आधी खायला-प्यायला द्या, संडासला जायचंय का विचारा, कुठे दुखतंय का विचारा. का पळालास हा प्रश्न विचारायची घाई नको, तो आपणहून जे सांगेल ते ऐका, खोदून विचारू नका. अंगावरच्या खुणा बघायला कपडे वर करायला लावू नका. डब्यातल्या दहा लोकांना गोळा करून "बघा हो, पळून आलंय" असा तमाशा नको. आणि त्याला एकट्याला घेऊन कुठे जाऊ पण नका, स्वतःच्या घरी तर नाहीच. हे मुलाच्या पण भल्याचं आहे आणि तुमच्या पण.

कायदा पण तुमच्या बाजूने आहे हे घरच्यांना सांगा. बाल न्याय कायदा २०१५, त्याचं कलम ३२ म्हणतं की हरवलेलं, सोडून दिलेलं किंवा घरच्यांचा आधार नसलेलं मूल कोणालाही सापडलं तर २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, चाइल्ड हेल्पलाइन, पोलीस, बालकल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष (मुलांच्या संरक्षणाचं जिल्ह्यातलं सरकारी कार्यालय) यांना कळवायलाच हवं. न कळवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. म्हणजे "भानगडीत पडलास" असं काही नाही, कायद्याने सांगितलंय तेच केलंत. नंबरांचं म्हणाल तर रेल्वेत १३९, इतर कुठेही १०९८. ही १०९८ ची हेल्पलाइन १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच टाटा समाजविज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून सुरू झाली, आता २०२३ पासून ती सरकार चालवतं आणि ११२ शी जोडलेली आहे.

पुढे काय होतं ते सांगते, म्हणजे मित्राच्या बोलण्यातली भीती थोडी कमी होईल. आरपीएफने उतरवलं की नोंद होते, स्टेशनवर मुलांसाठी मदत कक्ष असेल तर तिथली माणसं ताब्यात घेतात, वैद्यकीय तपासणी होते, आणि २४ तासांच्या आत मुलाला बालकल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. कल्याण ठाणे जिल्ह्यात येतं म्हणजे ठाणे जिल्ह्याची समिती. अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक बाई असतेच, बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही नेता येतं. ते कोर्ट नाही, तिथे मूल आरोपी नसतं. समिती त्याला तात्पुरतं बालगृहात ठेवते आणि सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरी-गावात जाऊन केलेल्या चौकशीचा अहवाल, मागवते, तो १५ दिवसांत यावा आणि पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत शेवटचा आदेश व्हावा असं कायदा म्हणतो. मूल परभणीचं असेल तर केस परभणीच्या समितीकडे जाते, मुलाला सोबत देऊन पाठवतात, एकट्याला गाडीत बसवत नाहीत.

रिमांड होमचं भूत आपल्याकडे फार जुनं आहे, आया पोरांना दम देतात ना. पण गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांचं निरीक्षणगृह वेगळं आणि तुमच्या या मुलासारख्यांचं बालगृह वेगळं. बालगृह म्हणजे स्वर्ग असं मी सांगणार नाही. काही बालगृहं खरोखर मायेने चालतात, काही ठिकाणी नुसती गर्दी आणि शिस्त, मोठी मुलं लहानांना त्रास देतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मुलाला कोणी सांगतच नाही की त्याचं पुढे काय चाललंय, ते बिचारं रोज दाराकडे बघत बसतं. म्हणूनच कायद्यात लिहिलंय की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. पण काही आठवड्यांचं बालगृह आणि प्लॅटफॉर्म यात निवड असेल तर मी दर वेळी बालगृह निवडेन.

चौकशीत आम्ही काय बघायचो हे मुद्दाम लिहिते, कारण "समिती ठरवते" म्हणजे काय हे लोकांना माहीत नसतं. एक, मुलाची गोष्ट दिवसांगणिक कशी बदलते. खोटं हळूहळू गळून पडतं, खरं असतं ते प्रत्येक वेळी थोडं जास्त तपशिलाने येतं. दोन, अंगावरच्या खुणा, ताज्या आणि जुन्या दोन्ही, एका दिवसाच्या भांडणाने वेगवेगळ्या वयाचे वण होत नाहीत. तीन, मूल नाहीसं झाल्यावर घरच्यांनी पोलिसात तक्रार दिली का आणि किती दिवसांनी. चार, फोन लागल्यावर पालकांचा पहिला प्रश्न काय होता, "तो बरा आहे ना, जेवला का" की "त्याने तुम्हाला काय सांगितलं". या एका प्रश्नावरून निकाल देता येत नाही, पण मी तो नेहमी लिहून ठेवायचे. पाच, गावात जाऊन आलेल्या माणसाने घरच्यांशिवाय आणखी कोणाशी बोलून अहवाल लिहिलाय, शाळेतले शिक्षक, शेजारीण, अंगणवाडीताई, आशाताई. बापाला विचारून लिहिलेला अहवाल हा बापाचा अहवाल असतो. सहा, घरात अजून लहान भावंडं आहेत का, कारण एक निसटलं असेल तर मागे राहिलेल्यांचं काय. आणि सगळ्यात शेवटी नव्हे तर सगळ्यात आधी, मुलाला काय हवंय, ते त्याला पालकांसमोर नाही तर एकट्याला बसवून विचारायचं.

एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही की मूल पळतं ते दर वेळी घरातूनच असं नाही. आमच्यापुढे आलेला एक मुलगा सावत्र आई छळते म्हणून सांगत होता. आई आली, तिला बघून तो तिला चिकटला. मग हळूहळू कळलं की तो निवासी शाळेच्या वसतिगृहातून निघालेला, तिथली मोठी मुलं रात्री त्रास देत होती, त्याने घरी सांगून पाहिलं तर "शिकायचं नाही म्हणून नाटकं करतो" म्हणून बापाने दोनदा परत नेऊन सोडलं होतं. सावत्र आईचं कारण त्याने ऐकलेल्या गोष्टींतून उचललेलं, कारण खरं सांगायची लाज वाटत होती. या मुलाला "घरी" पाठवून प्रश्न सुटला नसता, शाळा बदलणं हा उपाय होता, आणि वसतिगृहाबद्दल पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, तक्रार करणं. अशा वेळी कुठला पत्ता सुरक्षित आहे हे शोधायलाच वेळ लागतो.

मराठवाड्यातून येणाऱ्या मुलांच्या बाबतीत अजून एक गोष्ट बघावी लागते, महिना कोणता चाललाय. दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणजे एक जोडी धरतात, उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली असते, म्हणजे दोघांनाही जावंच लागतं. मुलं एकतर त्यांच्यासोबत उसाच्या फडावर जातात नाहीतर आजी-आजोबांकडे, चुलत्याकडे मागे राहतात. या काळात एकट्या निघालेल्या मुलाला "बाप मारतो का" हे विचारून उपयोग नाही, तो सध्या कोणाकडे राहतोय हे विचारावं लागतं. आणि कधी कधी तो मुंबईला येतच नसतो, तो आईबापाला शोधायला कारखान्याच्या गावाला निघालेला असतो आणि चुकीच्या गाडीत बसलेला असतो. असं मूल सापडलं की तातडीने आईबापापर्यंत पोचवणं हाच उपाय, चौकशी करायचीच पण तिथे उशीर नको.

मुलींचं वेगळं लिहायला हवं. एकटी मुलगी प्लॅटफॉर्मवर फार वेळ दिसत नाही, कोणीतरी लगेच घेऊन जातं, त्यामुळे मुलगी दिसली तर पुढच्या स्टेशनची वाट बघू नका, आहात तिथूनच फोन करा. आणि मुलगी लग्न टाळण्यासाठी निघालेली असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीप्रमाणे (एनएफएचएस-५) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं, आणि बीड, परभणीसारख्या जिल्ह्यांत हे प्रमाण याच्या बरंच वर आहे. अशा मुलीचे आईवडील समितीपुढे येऊन रडतात, माफी मागतात, आधार कार्डं काढून ठेवतात, सगळं खरं असतं, आणि घरी नेल्यावर आठवड्यात लग्न लावतात, आता तर "पोरगी एक रात्र बाहेर राहिली" हे कारण पण असतं. म्हणून तिथे नुसतं हमीपत्र घेऊन भागत नाही. लग्नाचा धोका असलेली मुलगी ही कायद्यानेच संरक्षणाची गरज असलेली बालक आहे, गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो त्याला कळवावं लागतं, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घेता येतो. तो हुकूम मोडून लावलेलं लग्न कायद्याने शून्य ठरतं. ज्या केसमध्ये हे सगळं केलं तिथे मुली घरी राहून सुद्धा शिकल्या, हे मी पाहिलंय.

उलट बाजू पण सांगते. गाडीत दिसलेलं प्रत्येक मूल पळालेलं किंवा पळवलेलं नसतं. मे २०२३ मध्ये दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारच्या ५९ मुलांना तस्करीच्या संशयावरून भुसावळ आणि मनमाडला उतरवलं होतं, ती मदरशात शिकायला चाललेली, सोबतच्यांना अटक झाली, आणि मार्च २०२४ मध्ये पोलिसांनी गैरसमजातून झालं म्हणून प्रकरण बंद केलं. मधल्या काळात मुलं दिवसचे दिवस घरापासून लांब निवारागृहात राहिली. तेव्हा फोन करताना तुम्ही जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच सांगा, अंदाज सांगू नका. तसंच सोळा-सतराचा मुलगा कामासाठी शहरात आला असेल, घरी पैसे पाठवत असेल, तर त्याच्यासाठी सुरक्षितता म्हणजे योग्य पगार आणि झोपायला नीट जागा असू शकते. त्याला उचलून गावी नेऊन टाकलं तर तो पुढच्या महिन्यात परत येतो, आधीपेक्षा वाईट जागी. अकरा वर्षांच्या मुलाला हे लागू नाही हे उघड आहे.

यंत्रणेबद्दल खोटी आशा पण नको. समितीच्या जागा रिकाम्या राहतात, अहवाल १५ दिवसांत यावा तो दीड महिन्याने येतो, सोबत न्यायला पोलीस मिळत नाही म्हणून मूल अडकून पडतं. सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे घरी पाठवल्यानंतरची भेट. कागदावर भेट होते, प्रत्यक्षात फोनवर "बरं आहे ना? बरं" एवढंच. बाप दारू पितो, आई मजुरीला जाते, या घरात मूल परत ठेवायचं असेल तर फक्त समुपदेशन पुरत नाही, पैशाची ओढाताण पण बघावी लागते. त्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये, आणि केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत मुलाच्या खर्चासाठी महिन्याला ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व आहे, शिवाय आजी, मावशी अशा नातेवाइकाकडे, कायद्याच्या भाषेत 'योग्य व्यक्ती' म्हणून, मूल सोपवता येतं. आजीकडे राहून बापाला फक्त भेटणारी मुलं मी बरीच पाहिली आणि त्यातली बहुतेक सावरली. पण हे कोणीतरी मागावं लागतं, पाठपुरावा करावा लागतो, आपोआप होत नाही.

म्हणजे आत्तापर्यंतचं थोडक्यात : फोन बरोबर, बापाकडे थेट पाठवणं चूक, शेवटी तो घरी जाईल ही शक्यता बरीच, पण कशा घरी आणि कोणत्या अटीवर हे चौकशीवर अवलंबून, आणि चौकशी किती चांगली होते हे बऱ्याच अंशी तिच्यापुढे काय माहिती येते यावर. इथे तुम्ही अजूनही काहीतरी करू शकता.

पहिलं, फोटो. ग्रुपवरून आत्ता काढा, ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनाही काढायला सांगा. या मुलांची ओळख उघड करायला त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडापेक्षाही, तो फोटो फिरत फिरत परभणीला पोचला की बापाच्या हातात "पोरगं मुंबईत पकडलं" अशी बदनामीची गोष्ट जाते, आणि मूल परत गेलं तर शाळेत सगळे त्याला तेवढ्यावरूनच ओळखतात.

दुसरं, बापाचा नंबर. त्यावर तुम्ही फोन करू नका, माझ्याकडेही पाठवू नका. तो समितीपर्यंत पोचवा, त्यांना पालकांशी कधी आणि कसं बोलायचं ते माहीत असतं. त्या बाजूने तुम्हाला कधी फोन आलाच तर मुलगा कुठे आहे हे सांगू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात चौकशी करा एवढंच सांगा.

तिसरं, त्याला भेटता येईल का, पुढे काय झालं कळेल का. बहुतेक नाही, आणि ते तसंच असायला हवं, कारण "मी त्याला गाडीत भेटलेला काका" म्हणून कोणीही बालगृहात शिरू शकला तर तिथे कोणतंच मूल सुरक्षित राहणार नाही. कपडे-खाऊ घेऊन जाऊ नका.

चौथं आणि सगळ्यात उपयोगाचं. जे घडलं ते लिहून ठाण्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्या, एक प्रत बालकल्याण समितीच्या नावाने, पोच घ्या. तारीख, गाडी, डबा, साधारण वेळ, मूल कुठे बसलं होतं, सोबत काय सामान होतं, पायात चप्पल होती का, हातावर-चेहऱ्यावर काही दिसलं असेल तर ते, आणि त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत. "वडिलांकडून शारीरिक छळ" असं नाही, तो जसं बोलला तसंच. तुमचं मत, तुमचा संताप त्यात घालू नका. हे का महत्त्वाचं ते सांगते. दोन आठवड्यांनी बाप येऊन समोर बसला की बरीच मुलं शब्द फिरवतात, "मी खोटं बोललो, घरी जायचंय" म्हणतात, कधी भीतीने, कधी आईची आठवण येते म्हणून, आणि कधी खरोखरच खोटं बोललेलं असतं म्हणून. त्या वेळी समितीसमोर मुलाने कोणाच्याही दबावाशिवाय एका अनोळखी माणसाला सगळ्यात आधी काय सांगितलं होतं याचा कागद असेल तर सदस्य थांबतात, मुलाला बाजूला घेऊन पुन्हा विचारतात, अहवाल परत मागवतात. असा कागद माझ्या काळात फार क्वचित यायचा. त्याने सांगितलेलं तुमच्या अजून नीट लक्षात आहे तोवर, आज रात्रीच लिहून काढा.